भुलीच्या औषधाचा अंश आढळला, म्हणून काय सिद्ध झाले?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रिया चालू असताना किंवा ती संपल्यावर थोड्याच वेळात रुग्ण दगावला, की काही महिन्यांनी वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी येते. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल पोलिसांच्या हाती आला असून मृताच्या व्हिसेऱ्यात (तपासणीसाठी राखून ठेवलेल्या अवयवांत आणि रक्तात) भुलीच्या औषधाचा अंश आढळला आहे, त्यामुळे संबंधित डॉक्टरांच्या अडचणी वाढण्याची शक्यता आहे, असा तिचा मजकूर असतो. ज्याला भूल दिली त्याच्या शरीरात भुलीचे औषध सापडायचेच. न सापडते तरच आश्चर्य. कधी कधी बातमीत आकडाही दिलेला असतो आणि त्याच्यापुढे ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असे शब्द असतात. ही मर्यादा कोणी ठरवली, आकडा शरीराच्या कोणत्या भागातील रक्ताचा आहे, ते रक्त मृत्यूनंतर किती तासांनी काढले, याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात कधी आलेला नाही. भूल देणे आणि भूलशास्त्र शिकवणे यांतच माझी नोकरी गेली आणि न्यायवैद्यक विभागातील सहकाऱ्यांबरोबर अशा प्रकरणांची कागदपत्रे तपासण्याचे कामही वाट्याला आले, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

ही मर्यादा जिथून येते ते तक्ते आधी पाहावेत. उपचाराची पातळी, विषारी पातळी आणि प्राणघातक पातळी असे रकाने त्यांत असतात. यांपैकी पहिला रकाना जिवंत रुग्णांच्या प्लाझ्मावरून (रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवावरून) भरलेला असतो आणि शेवटचा मृतांच्या अख्ख्या रक्तावरून, त्यामुळे एकाच ओळीतले हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवतानाही सांभाळूनच ठेवावे लागतात. भुलीच्या औषधांच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. रक्तदाबाच्या गोळीची उपचाराची पातळी माणसाला हिंडते-फिरते ठेवते. भुलीच्या औषधाची उपचाराची पातळी म्हणजे माणूस बेशुद्ध, जीभ मागे पडलेली, श्वास मंदावलेला किंवा पुरता थांबलेला. त्याच्या उशाशी भूलतज्ज्ञ असतो, प्राणवायू चालू असतो, श्वासनलिकेत नळी असते, म्हणून तो जगतो. यातले काही नसेल तर तोच आकडा जीव घेतो. आकड्यात फरक नसतो, रुग्ण ज्या खोलीत असतो त्या खोलीत फरक असतो.

मायकेल जॅक्सन यांच्या मृत्यूचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील हा मुद्दा आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेतला नाही. २५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिस येथील राहत्या घरी त्यांना झोपेसाठी प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिले गेले. दुधासारखे पांढरे दिसणारे हे इंजेक्शन आज आपल्याकडच्या तालुक्याच्या रुग्णालयातही रोज वापरले जाते. शवविच्छेदनानंतरच्या तपासणीत मांडीतील शिरेच्या रक्तात प्रोपोफॉलची पातळी दर मिलिलिटरला २.६ मायक्रोग्रॅम, हृदयातील रक्तात ३.२ आणि रुग्णालयात नेल्यावर घेतलेल्या रक्तात ४.१ अशी आढळली. एकाच माणसाचे, एकाच मृत्यूचे हे तीन आकडे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला प्रोपोफॉलवर ठेवताना आम्ही साधारण २ ते ६ मायक्रोग्रॅमची पातळी राखतो. म्हणजे तक्ता उघडून बसणाऱ्याला हे तिन्ही आकडे ‘उपचाराच्या मर्यादेत’ दिसतील आणि तरीही त्या औषधानेच मृत्यू झाला हा निष्कर्ष योग्यच होता, कारण त्या शयनगृहात भूल देण्याची साधने नव्हती, श्वासावर सतत लक्ष ठेवणारे यंत्र नव्हते, दिलेल्या औषधाची लेखी नोंद नव्हती आणि डॉक्टर मध्येच खोलीबाहेर गेले होते.

पुढे २०११ मध्ये जॅक्सन यांच्या त्या डॉक्टरांवर, डॉ. कॉनरॅड मरे यांच्यावर, खटला चालला तेव्हा त्याच आकड्यांवरून दोन नामवंत भूलशास्त्रज्ञांनी परस्परविरोधी साक्षी दिल्या. आपण फक्त २५ मिलिग्रॅम औषध दिले, असे मरे यांनी पोलिसांना सांगितले होते. एवढ्या मात्रेने मृत्यूच्या वेळी अशी पातळी राहूच शकत नाही, औषध ठिबकून चालू राहिले असले पाहिजे, असे सरकार पक्षाचे डॉ. स्टीव्हन शेफर यांनी गणित मांडून दाखवले. बचाव पक्षाचे डॉ. पॉल व्हाइट यांचे म्हणणे असे की, डॉक्टर खोलीत नसताना रुग्णानेच उरलेले औषध स्वतःला टोचून घेतले असावे. ज्युरीने ७ नोव्हेंबर २०११ रोजी मरे यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. यात आकड्याचे काम एवढेच होते की, सांगितलेली हकिगत त्याच्याशी जुळते की नाही हे तपासणे. हकिगत मात्र साक्षीदार, बाटल्या, सिरिंज, ठिबकची नळी, फोनच्या नोंदी यांतूनच उभी राहिली. आपल्याकडे नेमके उलटे होते: हकिगत कोणी गोळा करत नाही आणि आकड्यालाच हकिगत सांगायला लावले जाते.

आता तो आकडा तयार कसा होतो ते पाहू. माणूस मेला की औषध जागच्या जागी थांबते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. जिवंतपणी यकृत, फुप्फुसे, हृदयाचा स्नायू आणि चरबी यांच्यात औषध साठलेले असते आणि पेशींची आवरणे ते धरून ठेवतात. मृत्यूनंतर रक्तातील आम्लता वाढते, पेशी विरघळू लागतात आणि बांध फुटल्यावर वरच्या वाफ्यातले पाणी जसे खालच्या वाफ्यात उतरते तसे हे साठे शेजारच्या रक्तात उतरतात. हृदयातील रक्ताला फुप्फुसे आणि यकृत दोन्ही जवळ, म्हणून तेथील पातळी फुगते. चरबीत सहज विरघळणाऱ्या बऱ्याच औषधांची पातळी हृदयातील रक्तात मांडीच्या रक्तापेक्षा जास्त आढळते, काहींची तर कित्येक पटींनी. मांडी या साठ्यांपासून लांब असल्याने तेथील रक्त त्यातल्या त्यात भरवशाचे. ते काढण्याची रीतही ठरलेली आहे: मांडीतील शीर मोकळी करायची, पोटाच्या बाजूला दोऱ्याने बांधायची आणि बांधलेल्या जागेच्या खालून सुईने रक्त ओढायचे, म्हणजे वरचे रक्त त्यात मिसळत नाही. नंतर ते सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत भरून, बाटलीवर जागा आणि वेळ लिहून थंड ठेवायचे.

प्रत्यक्षात आपल्या शवागारांत काय होते? एका डॉक्टरच्या माथ्यावर दिवसाला अनेक शवविच्छेदने, मदतीला एखादा कर्मचारी, बाहेर संतापलेले नातेवाईक आणि घाईत असलेला हवालदार, अशा परिस्थितीत हृदय उघडल्यावर छातीच्या पोकळीत जे रक्त जमा होते तेच बाटलीत भरले जाते. त्यात हृदयाचे, फुप्फुसाचे, यकृताकडून आलेले सगळेच रक्त असते. बाटलीवर एकच शब्द: ‘रक्त’. जठर, आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंड बरण्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात जातात. कीटकनाशक पिऊन झालेल्या मृत्यूसाठी ही पद्धत ठीक आहे, किंबहुना ती त्यासाठीच रूढ झाली. विष होते की नव्हते एवढाच तेथे प्रश्न असतो. पण मिठाच्या पाण्यात पडून राहिलेल्या यकृतातील औषधाचे मिलिग्रॅम मोजून त्यावरून मृत्यूच्या क्षणी रक्तातील पातळी काढणे अशक्य आहे. प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषकांना हे पक्के माहीत असते. त्यांनी ‘दर १०० ग्रॅमला इतके’ असे लिहिलेले असते ते बरणीतील यकृताबद्दल असते, माणसाबद्दल नव्हे. अर्थ लावण्याची जबाबदारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची आणि पुढे न्यायालयाची आहे, पण मधल्या वाटेवर तो आकडा बातमी होऊन बसतो.

आकडा नेहमी वरच सरकतो असेही नाही. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला होता. अमेरिकेत विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेल्या ४९ जणांच्या शवविच्छेदनातील थायोपेंटल या भुलीच्या औषधाचे आकडे त्यात तपासले होते, आणि त्यांपैकी ४३ जणांच्या रक्तातील पातळी शस्त्रक्रियेसाठी लागते त्यापेक्षाही कमी होती, तेव्हा त्यांतील काही जण मरताना शुद्धीत असण्याचा संभव आहे, असा लेखकांचा निष्कर्ष होता. त्यावर लगेच आक्षेप आला: नमुने मृत्यूनंतर बऱ्याच तासांनी घेतलेले आहेत आणि थायोपेंटल तोवर रक्तातून आजूबाजूच्या ऊतींत शिरत राहते. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यात एका कैद्याच्या बाबतीत मृत्यूनंतर सुमारे २० मिनिटांनी आणि पुन्हा काही तासांनी शवविच्छेदनावेळी असे दोनदा रक्त घेतले गेले, तेव्हा दुसऱ्या नमुन्यातील पातळी पहिल्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरलेली होती. हा वाद पुढे २००८ मध्ये ‘बेझ विरुद्ध रीस’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या निकालपत्रात लेख आणि त्यावरील टीका या दोन्हींची दखल घेतली. मरणदंड योग्य की अयोग्य, हा माझा विषय नाही. औषधाची मात्रा, वेळ आणि मृत्यू ज्यांच्या बाबतीत घड्याळ लावून माहीत होते तेथेही शवातील आकड्याचा अर्थ लावताना तज्ज्ञांत एकमत झाले नाही, हे मला सांगायचे आहे. मग ज्या प्रकरणात यातले काहीच नोंदलेले नाही तेथे आपण कशाच्या बळावर ठामपणे बोलतो?

इंजेक्शन दिल्याबरोबर मृत्यू झाला असेल तर आणखी एक गुंता असतो. शिरेतून एकदम सोडलेले औषध पहिले काही मिनिटे रक्तातच दाटलेले असते, मग स्नायूंत आणि चरबीत पसरते. योग्य मात्रा दिलेल्या रुग्णाचे हृदय दुसऱ्याच मिनिटाला अन्य कारणाने बंद पडले तर रक्तातील पातळी भरमसाट दिसेल आणि मात्रा जास्त झाली असा आरोप होईल. ज्या हाताला सलाइन चालू होते त्याच हातातून रक्त काढले असेल तर विचारायलाच नको. शिवाय हृदय पुन्हा सुरू करण्याच्या धडपडीत दिलेली औषधेही अहवालात उतरतात. श्वासनलिकेत घालायच्या नळीला लावलेल्या जेलीतील लिग्नोकेन हे बधिर करणारे औषधसुद्धा शवातील रक्तात सापडते. मग ‘लिग्नोकेन कोठून आले’ यावर उलटतपासणीत तास खर्ची पडतात.

आपल्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा प्रोपोफॉलच्या नसतात. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिले आणि बाई दगावली, ही त्यांतली सर्वांत वेदनादायक जात. पाठीच्या इंजेक्शनात बुपिव्हाकेन हे औषध मणक्याच्या आतील पाण्यात सोडतात, आणि तेही अवघे दोन-अडीच मिलिलिटर, म्हणजे १० ते १२ मिलिग्रॅमच्या आसपास. हे औषध चुकून शिरेत मोठ्या मात्रेत गेले तर हृदयाला घातक ठरते, पण त्यासाठी रक्तातील पातळी दर मिलिलिटरला २ ते ४ मायक्रोग्रॅमपर्यंत जावी लागते. पाठीतील एवढ्याशा मात्रेने रक्तात ती त्याच्या जवळपासही जात नाही. मग मृत्यू कशाने होतो? बधिरता अपेक्षेपेक्षा वर, छातीपर्यंत आणि मानेपर्यंत चढते, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. बाळंतिणीचे जड पोट मोठ्या शिरेवर दाब देत असल्याने हे अधिक वेगाने घडते. लक्ष ठेवून असलेल्या भूलतज्ज्ञाला यातले बहुतेक सगळे सावरता येते: पोट डावीकडे कलवणे, सलाइन, रक्तदाब वाढवणारे इंजेक्शन, वेळ आलीच तर श्वासनलिकेत नळी. या घटनाक्रमाची कोणतीही खूण रक्तातल्या बुपिव्हाकेनच्या आकड्यात उमटत नाही. मणक्यातील पाणी तपासले तरी पाठीत औषध दिले होते एवढेच कळेल, आणि ते तर आधीपासून सर्वांना माहीत असते. बधिरता किती वर चढली, रक्तदाब किती वाजता खाली आला आणि त्यानंतर कोणी काय केले, हे भुलीच्या तक्त्यावरच असते.

त्याच ओ.टी.मध्ये (शस्त्रक्रियागृहात) आणखी एक वस्तू असते जिच्याकडे पंचनाम्यात दुर्लक्ष होते, ती म्हणजे ट्रेमध्ये पडलेली औषधाची फोडलेली काचेची कुपी, म्हणजेच अ‍ॅम्प्युल. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरायचे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड आणि पाठीत द्यायचे बुपिव्हाकेन यांची अ‍ॅम्प्युल दिसायला सारखी असल्याने अदलाबदल होऊन ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड पाठीत दिले गेल्याच्या घटना भारतासह अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याबाबत इशाराही दिला. असे झाले तर रुग्णाला झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि बऱ्याचदा मृत्यू ओढवतो. ही शंका कोणी लेखी कळवली नाही तर प्रयोगशाळा ते औषध शोधणार नाही, कारण नेहमीच्या विषांच्या चाळणीत ते नसते. अहवाल येईल ‘विष आढळले नाही’, आणि पुरावा सफाई कामगाराने संध्याकाळीच कचऱ्याच्या पिशवीत टाकलेला असेल.

‘आढळले नाही’ या निष्कर्षाची दुसरी बाजू सक्सिनिलकोलीनमध्ये दिसते. आमच्या बोलण्यात हे औषध ‘स्कोलीन’. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करण्यासाठी ते देतात. रक्तातील एक विकर (एन्झाइम) त्याचे काही मिनिटांतच तुकडे करते आणि शेवटी जे उरते ते सक्सिनिक आम्ल आणि कोलीन, जे प्रत्येकाच्या शरीरात मुळातच असतात. म्हणून हे खुनासाठी ‘न सापडणारे’ औषध म्हणून बदनाम झाले. फ्लोरिडात १९६७ मध्ये कार्ल कॉपोलिनो या भूलतज्ज्ञाला पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, तेव्हा तिच्या मेंदूतील सक्सिनिक आम्लावर सरकार पक्षाने भर दिला होता, आणि त्या शास्त्रीय पुराव्याच्या बळाविषयी तेव्हापासून मतभेद आहेत. त्याच राज्यातील दुसऱ्या एका डॉक्टरच्या खटल्यात सक्सिनिलमोनोकोलीन हा मधला तुकडा निर्णायक मानून २००१ मध्ये दोषसिद्धी झाली. नंतर ज्यांना हे औषध कधी दिलेच नव्हते अशा मृतदेहांतही तोच तुकडा आढळला आणि २००३ मध्ये ती दोषसिद्धी रद्द करण्यात आली. आपल्याकडे २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या वाई येथील हत्याकांडातही याच औषधाचा उल्लेख वारंवार झाला. त्या खटल्याच्या गुणदोषांवर मी काही लिहिणार नाही. पण पुरून ठेवलेल्या देहांतून स्कोलीनचा आकडा निघेल अशी अपेक्षा त्या वेळी काही बातम्यांतून व्यक्त झाली होती, ती शास्त्राला धरून नव्हती. अशा खटल्यात औषधाच्या खरेदीची बिले, सिरिंज आणि साक्षी यांचे वजन शरीरातील अंशापेक्षा कितीतरी अधिक असते.

याच औषधाबाबत उपचारातही एक अडचण येते. काही कुटुंबांत ते विकर जन्मतःच कमी किंवा निकामी असते. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे दिसून आले आहे आणि मराठवाडा-विदर्भाच्या तेलंगणालगतच्या सीमेवरील भूलतज्ज्ञ त्याबद्दल आवर्जून विचारतात. अशा रुग्णाचे स्नायू काही मिनिटांऐवजी काही तास लुळे राहतात. तेवढा वेळ कृत्रिम श्वास दिला तर काही बिघडत नाही; नळी लवकर काढली तर रुग्ण गुदमरतो. याचे उत्तर व्हिसेऱ्याच्या बरणीत शोधायचे नसते. मृताच्या भावंडांचे रक्त तपासले तर ते बरेचदा मिळते, पण तपास अधिकाऱ्याला हे सांगणार कोण?

वायुरूप भुलीबद्दल थोडक्यात लिहितो. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही उडून जाणारी द्रव्ये आहेत. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद केली नाही, थंड ठेवली नाही, तर ती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हवेत गेलेली असतात. प्राणवायूच्या नळीला नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू जोडला गेला, असा संशय असेल तर रक्ताच्या आधी भिंतीतील पाइपलाइन तपासावी.

भुलीत मृत्यू आला की मात्रा जास्त झाली असावी, हा तर्क तसा क्लोरोफॉर्मइतकाच जुना आहे. १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये पायाच्या अंगठ्याचे नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मने दगावली आणि तेव्हापासून श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद पेटला. निजामाच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले आणि श्वासाकडे लक्ष ठेवले तर हृदयाला धोका नाही, असे त्यांनी जाहीर केले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्म कमी असताना, भूल हलकी असतानाच हृदयाची लय अचानक बिघडते. म्हणजे काही मृत्यू औषध कमी पडल्यामुळे होत होते! त्या मुलीचे रक्त आजच्या यंत्रांवर तपासले असते तर कदाचित ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा आला असता.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की एक डॉक्टर आपल्या बांधवांना पाठीशी घालतो आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. निष्काळजीपणा झाला असेल तर तो सिद्ध करण्याचा सर्वांत दुबळा मार्ग म्हणजे व्हिसेऱ्यातील आकडा, कारण जाणकार वकील वर लिहिलेला एकेक मुद्दा मांडून तो अर्ध्या तासात निकामी करतो, आणि खरोखर दोषी असलेला सुटतो. जो निर्दोष असतो तो तोवर अहवालाची वाट पाहत संशयाच्या छायेत राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालयाला हवे तर ते बोलावू शकते. सोयीची तरतूद आहे, पण तिच्यामुळे ‘हे रक्त शरीराच्या कोणत्या भागातील’ हा प्रश्न विचारला न जाताच आकडा कागदावर पक्का होण्याचा धोका राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ खटल्यात डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी त्या शाखेतील निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे असे बजावले. आपल्याकडच्या समित्या मत देतात, पण त्यांच्यासमोर येणाऱ्या फायलीत बहुधा शवविच्छेदन अहवाल, विश्लेषण अहवाल आणि जबाब एवढेच असते.

खरे तर घटनेच्याच दिवशी जप्त व्हायला हवा तो भुलीचा मूळ तक्ता, ज्यावर दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूची पातळी नोंदलेली असते किंवा नसते. आणि नसणे हाही पुरावाच. अनेक मॉनिटरमध्ये मागील काही तासांच्या नोंदी साठवलेल्या असतात, त्या यंत्र पुढच्या रुग्णाला लावण्यापूर्वी उतरवून घ्याव्या लागतात. वापरलेली अ‍ॅम्प्युल, सिरिंज, औषध-साठ्याची वही आणि सिलिंडर जागेवरच हवेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्ण जिवंत असताना काढलेले रक्त. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा अतिदक्षता विभागात तपासणीसाठी घेतलेल्या नळ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत थोडेच दिवस असतात आणि मग टाकल्या जातात. रुग्ण अतिदक्षता विभागात चार दिवस काढून गेला असेल तर शवातील रक्तात ओ.टी.मधल्या भुलीचे काहीच उरत नाही, सापडते ते व्हेंटिलेटरवर ठेवताना दिलेले मिडाझोलाम हे गुंगीचे आणि फेंटानिल हे वेदनाशामक औषध. पहिल्या दिवसाची नळी मात्र त्या दिवसाबद्दल काहीतरी सांगते. तीव्र अ‍ॅलर्जीने मृत्यू झाल्याचा संशय असेल तर ट्रिप्टेज ही तपासणीही त्याच रक्तावर उत्तम होते. या नळीसाठी पोलिस ठाण्यातून एक फोन पुरतो, पण तो त्याच दिवशी व्हावा लागतो. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या पत्रातही ‘विषाची तपासणी व्हावी’ एवढेच न लिहिता दिलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा कळवल्या, तर कलिना, पुणे, नागपूर किंवा अन्य ठिकाणच्या न्यायसहायक प्रयोगशाळांतील अधिकाऱ्यांचेही काम सोपे होईल आणि अहवालाला अर्थ येईल.

आपल्या दैनिकाकडून एवढीच अपेक्षा आहे की, विश्लेषण अहवालाची बातमी देताना नमुना कोठला होता आणि कधी घेतला होता, हे आकड्याशेजारी छापावे, एकक नीट तपासून घ्यावे, कारण मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम छापले गेले की औषध हजारपट होते, आणि वैद्यकीय समितीचे मत आले आहे की यायचे आहे, तेही नमूद करावे. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी अशा बातमीच्या वेळी तपास अधिकाऱ्यांना भुलीचा तक्ता कोणत्या तारखेला ताब्यात घेतला, एवढे विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते छापावे.

आपला,
एक निवृत्त भूलशास्त्र अध्यापक, मिरज